नाशिकवाल्यांची ट्रॉली

"काकू, बघितलंत का? नाशिकवाल्यांकडे काल पुन्हा काहीतरी उतरलं."

"बघितलं की. दोन खोकी, दोन चाकं आणि लोखंडी पट्ट्यांची मोळी. ट्रॉली आहे ती."

"ट्रॉली? मला वाटलं, पोरीसाठी घसरगुंडी आणली."

"घसरगुंडीला नंबरप्लेट लावतात होय गं?"

काकूंपुढे बोलायची सोय नाही. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. डेनव्हरच्या दक्षिणेकडच्या या वसाहतीत बाकीची कुंपणं माणसाहून उंच, आमचंच तेवढं बुटकं राहिलंय, आणि ते वाढवायचा विषय दोघींपैकी एकीनंही कधी काढलेला नाही. त्यावर कोपरं टेकली की समोर नाशिकवाल्यांचं गॅरेज सरळ दिसतं. काकू मूळच्या इस्लामपूरकडच्या. वडिलांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. उसाचा सीझन तोंडावर आला की घरातली पोरंसोरंसुद्धा ग्रीसमध्ये माखलेली असायची. मी डोंबिवलीची. ट्रॉली म्हटलं की मला स्टेशनवरचे हमाल आठवतात.

"पण ट्रॉली हवीय कशाला त्यांना?"

"त्यावर निजायची खोली बांधायलेत. मागच्या अंगाला स्वयंपाकघर. त्याच्या बायकोनंच सांगितलं मला, दुकानात कोथिंबीर निवडताना. डोंगरात न्यायची म्हणे, कच्च्या रस्त्यानं."

"अहो, तयार मिळतात की तसल्या गाड्या! थेंबाच्या आकाराच्या, गोडगोड असतात."

"गोड असतात, किंमत कडू असते. कच्च्या रस्त्यावर टिकेल असा तयार ट्रेलर घ्यायचा तर पंधरा-वीस हजार डॉलर कुठं गेले नाहीत. ही सांगाड्याची ट्रॉली हजाराच्या आत येते."

"मग सांगाडा तरी विकत कशाला घेतला? नाशिकवाल्याला वेल्डिंग येतं, आणायचं लोखंड नि जोडायचं घरी."

"तिथंच शहाणपणा केलाय त्यानं," काकू म्हणाल्या. "विकतच्या ट्रॉलीला कंपनीचा कागद असतो, चेसीवर नंबर असतो. तो कागद दाखवला की नंबरप्लेट मिळते. घरी बनवलेल्या सांगाड्याला नंबर कुठला आणणार? मग तपासणी करून घ्या, सरकारकडून नंबर मागा, लोखंडाच्या पावत्या दाखवा. ट्रॉली घ्यायची ती कागदासाठी. बाकी बदलायचंच असतं सगळं."

"सगळं बदलायचं? मग स्वस्त कुठे पडलं?"

"स्वस्त कोण म्हणालं? घर पाहावं बांधून, त्यातला प्रकार आहे हा. फक्त या घराला चाकं आहेत, म्हणून माणूस फसतो. वरची खोली डोळ्याला दिसते, म्हणून पैसे तिकडं जातात. खालचं कुणी वाकून बघत नाही."

हे खालचं-वरचं प्रकरण काकूंनी पुढे सगळा उन्हाळा लावून धरलं.

ट्रॉली जोडून झाली तेव्हा मी मुद्दाम कुत्र्याला फिरवायचं निमित्त काढून तिकडून गेले. चार बाय आठ फुटांची होती. हाच आकार का, तर प्लायवूडचा अख्खा ताव तेवढाच असतो. एक ताव टाकला की तळ तयार, कापाकापी नाही. मधोमध बिजागरी, कारण ही घडीची ट्रॉली. काम झालं की दुमडून भिंतीला उभी करून ठेवतात. खोली बांधायची तर ती घडी कायमची बंद करावी लागते. त्यानं ती बोल्ट टाकून बंद केली होती आणि चारी कोपऱ्यांत लोखंडाच्या तिकोनी पट्ट्या वेल्डिंग मारून बसवल्या होत्या. परत येऊन काकूंना अहवाल दिला.

"पट्ट्या मारल्या ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "नुसत्या नट-बोल्टावरची ट्रॉली कच्च्या रस्त्यावर खिळखिळी होते. पण मला एक सांग, चार फूट रुंदी म्हणजे आतून किती उरली?"

"भिंतींची जाडी गेली की ४६ इंच."

"आणि त्यात दोघं निजणार?"

मी काही बोलले नाही. काकूही बोलल्या नाहीत. पण नाशिकवाला अंगानं कसा आहे ते दोघींनाही माहीत आहे. इथला साधा क्वीन साइझचा पलंग ६० इंची असतो. पुष्कळ लोक म्हणून खोली चाकांच्या वरून बाहेर काढून पाच फुटांची करतात. यानं केली नाही. का केली नाही, हे त्याच्या बायकोनंही त्याला विचारलं होतं म्हणे. "डोंगरातले रस्ते अरुंद असतात," एवढंच उत्तर मिळालं.

आमचं बोलणं काकांच्या कानावर गेलं. काका निवृत्त झाल्यापासून व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसतात. वाचतात किती देव जाणे, ऐकतात मात्र सगळं. "यात नवीन काही नाही बरं का," तिथूनच म्हणाले. "असले थेंबाच्या आकाराचे ट्रेलर अमेरिकेत १९३०च्या दशकापासून लोक घरी बनवतायत. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकानं त्याचे नकाशेसुद्धा छापले होते. आणि ते कच्च्या रस्त्याचं म्हणाल, तर ती देणगी लष्कराची. जीपचा पहिला नमुना १९४० साली बनवला पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीनं. गाड्यांची मोठी कंत्राटं गेली विलीस आणि फोर्डकडे. बॅन्टमच्या वाट्याला काय आलं? जीपच्या मागे ओढायचे पाव टनी ट्रेलर."

"ज्यानं जीप काढली त्याच्या हातात ट्रॉली?" काकू म्हणाल्या.

"हो. युद्ध संपल्यावर ते ट्रेलर भंगाराच्या भावात विकले गेले, आणि लोकांनी त्यात तंबू-भांडी भरून डोंगर गाठले. त्याच विलीसच्या जीपगाड्या पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतल्या."

"बरं, चहा ठेवू का?" काकूंनी विचारलं. इतिहास संपवायची त्यांची ही पद्धत आहे.

खरी मजा चाकांपासून सुरू झाली. एका सकाळी काकूंनी मला हाक मारून कुंपणाशी बोलावलं. तिकडे ट्रॉली ठोकळ्यांवर चढवलेली, चाकं काढलेली.

"ऐकलं वाटतं त्यानं माझं. ती पिटुकली चाकं काढली बघ."

"काय वाईट होती? नवीकोरी होती."

"हिशोब कर. १२ इंची रिमची चाकं, टायरासकट २० इंच भरतात. ताशी ६० मैलांनी गाडी चालली तर मिनिटाला एक मैल होतो. तेवढ्या वेळात ते चाक हजार वेळा गरगर फिरतं. त्याच्या जीपचं टायर २९ इंची. ते सातशे फेऱ्यांच्या आत मोकळं होतं. रस्ता तोच, वेग तोच, आणि बेअरिंगला राबणूक जवळजवळ दीडपट. शिवाय खड्डा आला की लहान चाक खाली उतरतं, मोठं वरनं निघून जातं."

काकूंचं गणित मी घरी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर निघालं.

नाशिकवाल्यानं ॲक्सलच बदलायला काढला होता. साडेतीन हजार पौंडांचा नवा ॲक्सल, त्याला पाच बोल्टांचं हब. आणि त्याच्या जुन्या चेरोकी जीपच्या चाकांचे पाच बोल्टही नेमके त्याच मापाच्या वर्तुळात. म्हणजे जीपचं चाक ट्रॉलीला बसणार, ट्रॉलीचं जीपला. सहा चाकं एकसारखी, त्यामुळे स्टेपनी एकच पुरे. मला ही युक्ती भारी वाटली. काकूंनाही वाटली, पण कौतुक पटकन करायची त्यांची रीत नाही.

"चांगलं आहे. पण त्याला म्हणावं, साडेतीन हजारांचा ॲक्सल टाकला म्हणून ट्रॉली साडेतीन हजारांची झाली नाही. चेसी तीच आहे. पाटीवर सतराशे पौंड लिहिलेत ना? मग सतराशेच. तेही डांबरी रस्त्यावर. दगडधोंड्यांत न्यायची तर त्याच्याही बरंच खाली राहायचं."

"आणि ते काय करतोय आता?"

"कमानपाटे वर घ्यायलाय. आधी ॲक्सल पाट्यांच्या वर होता. आता पाटे वर नि ॲक्सल त्यांच्या पोटाखाली. नुसत्या तेवढ्यानं चार-साडेचार इंच उंची मिळते. आमच्या वर्कशॉपमध्ये माझ्या भावानं..."

भावाची गोष्ट अर्ध्यावर राहिली, कारण नाशिकवाला स्वतःच रस्ता ओलांडून आला. हातात बेअरिंग, दुसऱ्या हातात ग्रीसची डबी.

"काकू, हे असं लावलं तर चालेल ना?"

बेअरिंगवर बाहेरून दोन बोटं ग्रीस फासलेलं होतं, लहान बाळाला काजळ घालावं इतपत. काकूंनी काही न बोलता साडीचा पदर खोचला. कुंपणावरून हात पुढे करून बेअरिंग घेतलं, पुसलं, आणि डाव्या तळहातावर चमचाभर ग्रीस घेतलं. उजव्या हातात बेअरिंग, रुंद बाजू खाली. तळहाताच्या कडेवर ते दाबायचं, ओढायचं, पुन्हा दाबायचं. पहिल्या चार-पाच दाबांत काहीच झालं नाही. मग रोलरांच्या मधल्या फटींतून निळं ग्रीस वरच्या बाजूनं बारीक धारांनी बाहेर यायला लागलं. काकूंनी बेअरिंग जरा फिरवलं आणि पुढच्या फटी धरल्या.

"पूर्ण फेरी होईपर्यंत असं करायचं. बाहेरनं फासून उपयोग नाही, आत गेलं पाहिजे. आणि नट गच्च आवळू नकोस. चाक फिरवत फिरवत आवळ, मग सैल कर, मग नुसत्या बोटांनी बसेल तेवढाच ठेव. स्प्लिट पिन नवी घाल, जुनी सरळ करून घालत बसू नकोस."

"हो काकू."

"आणि रस्त्यात पेट्रोलला थांबलास की उतरून हबला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडी पुढं न्यायची नाही."

"हो काकू."

तो गेला. काकू नळाखाली हात धूत म्हणाल्या, "चार आकडी पगार दर आठवड्याला घेतो, आणि बेअरिंग भरायला येत नाही." पण आवाजात समाधान होतं.

मधेच एचओएचं पत्र आलं. एचओए म्हणजे इथली सोसायटीच, फक्त मीटिंगमध्ये चहा-बिस्किटं नसतात. रस्त्यावरून दिसेल असा ट्रेलर दोन रात्रींहून जास्त दारात ठेवू नये, असा नियम त्यांनी नाशिकवाल्यांना कळवला. पत्र कुणाच्या तक्रारीवरून आलं यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. मी आणि काकूंनी तिघांवर संशय घेतला आणि तिघांशीही नंतर नेहमीसारखं गोड बोललो.

"मग आता ठेवणार कुठे?"

"गॅरेजात."

"गॅरेजात मावेल?"

यावर काकू थांबल्या. आम्ही दोघींनी तिथेच बेरीज केली. मूळ ट्रॉलीचा तळ जमिनीपासून २२ इंच. मोठ्या टायरांनी साडेचार इंच चढला, पाट्यांनी साडेचार, झाले ३१. वर चार फुटी खोली, म्हणजे ४८, झाले ७९. छपराची जाडी धरून ८०. आणि छपरावर हवेचा पंखा. त्याला १४ बाय १४ इंचाचं भोक पाडायचं. त्याची टोपी वर चार इंच तरी येणार.

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"आणि गॅरेजचं दार?"

"सात फुटी. म्हणजे... चौऱ्याऐंशी."

दोघी एकदमच समोर बघायला लागलो. तिकडे तो बिचारा शिट्टी वाजवत प्लाय कापत होता.

सांगायचं कुणी? अर्थात काकूंनी. ऐकून तो जरा वेळ दाराकडे आणि ट्रॉलीकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्यानं खोलीची उंची कमी करायला साफ नकार दिला. त्यानं काढलेला तोडगा असा: आत घालताना टायरांची हवा सोडायची. टायर बोटभर बसतात, पंखा दाराखालून सुटतो. तसंही कच्च्या रस्त्याला लागताना हवा कमी करायचीच असते, म्हणजे आडव्या सऱ्या पडलेल्या रस्त्यावर गाडी थडथडत नाही. हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर त्याच्याकडे होताच. तेव्हापासून प्रत्येक वेळी ट्रॉली आत जाताना फुस्स आणि बाहेर येताना घुर्रर्र असा आवाज आमच्या गल्लीला ऐकू येतो.

खोलीच्या भिंती झाल्या तेव्हा त्याची बायको स्वतः कुंपणाशी आली. चेहरा पडलेला.

"काकू, पत्रा लावणार नाही म्हणतो. कापड गुंडाळतोय."

"कापड?"

"रंगारी जमिनीवर अंथरतात ना, ते जाड कॅनव्हास. सुताराच्या गोंदात भिजवून भिंतींना चिकटवतोय, आणि त्यावर घराचा बाहेरचा रंग देणार. सगळे असंच करतात म्हणे."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी विचार केला. "वाईट नाही," त्या म्हणाल्या. "प्लायवूडचे सांधे हलतात, तिथनं पाणी आत शिरतं. कापड सांध्यावरून सलग गेलं तर भेग पडत नाही. गोंद पाण्यात न विरघळणारा आहे ना? पहिला हात रंग पातळ करून दे म्हणावं, म्हणजे कापडात मुरेल. आणि रंग कुठला?"

"घराचाच उरलेला."

म्हणजे ट्रॉलीला एचओएनं मंजूर केलेलाच फिकट मातकट रंग लागला. आता तक्रार करणाऱ्याला रंगाबद्दल तरी बोलता येणार नव्हतं.

बाईंची दुसरी तक्रार वजनकाट्याची. न्हाणीघरातला काटा नाहीसा झाला होता; शोधल्यावर गॅरेजमध्ये ट्रॉलीच्या दांड्याखाली सापडला.

"काट्यावर ट्रॉली ठेवली?" मला हसू आवरेना.

"हसू नकोस," काकू म्हणाल्या. "तेच बरोबर आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढं हुकावर यायला पाहिजे. त्याच्याहून कमी आला तर ट्रॉली उलाळ होते, मागचं अंग जड. मग हमरस्त्यावर शेपूट हलवायला लागते, आणि एकदा हलायला लागली की जीपलाही हलवते. काट्यावर किती आलं गं?"

"साठ."

"आणि सगळी मिळून ट्रॉली?"

"अकराशे पौंड, असं काहीतरी म्हणत होता."

"मग निदान ११० पाहिजेत. स्वयंपाकघर मागं आहे ना, म्हणून झालंय. फ्रिज मागं, भांडी मागं, पाण्याचे कॅनही मागंच ठेवले असतील. पाणी फार जड, एका गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर. त्याला म्हणावं, दांड्यावर पेटी बसव, बॅटरी त्यात घाल आणि पाणी चाकांच्या पुढं आण."

तसं केल्यावर काटा १३० वर आला. बाईंना काटा परत मिळाला, पण त्याची काच तडकलेली होती. आता त्यात कुणाचंही वजन जरा कमीच दिसतं, म्हणून त्यांनी तो बदललेला नाही.

स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र बाईंनी नवऱ्याचं काही चालू दिलं नाही. मागचं दार वर उघडतं, तेच छप्पर होतं; खाली ओटा, ओट्याखाली खण. खणाची उंची नवऱ्यानं ठरवली होती ती एका परदेशी स्टोव्हच्या मापानं. बाईंनी पाच लिटरचा कुकर झाकणासकट, शिट्टीसकट आणून तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "हा बसला पाहिजे."

"कॅम्पिंगला कुकर?" मी विचारलं.

"नाहीतर दहा हजार फुटांवर तूरडाळ कशी शिजणार?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचं खरं होतं. डेनव्हरलाच पाणी ९५ अंशांना उकळतं. दहा हजार फुटांवर ९० अंशांना. पाणी खळखळत राहतं, डाळ कडक ती कडकच. कुकरमध्ये तिथेही ११५ अंशांपर्यंत जाता येतं. समुद्रकाठी १२१ जातं, म्हणजे चार शिट्ट्या जास्त काढायच्या. खण दोन इंचांनी वाढला. मसाल्याच्या डब्याला वेगळा कप्पा मिळाला, पोळपाट उभा राहील अशी खाच मिळाली.

"सुकट-बिकट नेऊ नका बाई," काकूंनी बजावलं. "कोलोरॅडोत अस्वलं आहेत."

"काळीच असतात ना? ती काही करत नाहीत म्हणे."

"काळ्या अस्वलालाही नाक असतं. खाणं सगळं मागच्या खणात कुलपात. निजायच्या खोलीत बिस्किटसुद्धा नको. आणि शेगडी आत पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठला तर वास येत नाही, रंग दिसत नाही. माणूस झोपेतच जातो. भोंगा बसवलाय का?"

"बसवलाय."

"पंखा रात्री बारीक सुरू ठेवा. आणि खालची खिडकी बोटभर उघडी. नाहीतर माणसांच्या श्वासाचं पाणी भिंतीला धरतं, सकाळी गादी ओली. मग एकमेकांवर आळ घेत बसाल."

हे सगळं नऊ वर्षांची मुलगी आईच्या कडेला उभी राहून ऐकत होती. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिली सफर झाली ती पानं पिवळी व्हायच्या सुमारास. केनोशा पास ओलांडून साउथ पार्कच्या पठारावर, आणि तिथून बोरियास पासचा कच्चा रस्ता. तो रस्ता म्हणजे जुन्या नॅरोगेज रेल्वेचा मार्ग आहे. रूळ उखडले आणि मोटारी जायला लागल्या. चढ सौम्य, उंची मात्र साडेअकरा हजार फुटांच्या घरात. शुक्रवारी दुपारी घुर्रर्र झालं, रविवारी संध्याकाळी फुस्स झालं. फुस्स झाल्यावर पाच मिनिटांत काकू कुंपणाशी हजर.

"जाऊन आलीस का त्यांच्याकडं?"

"डबा परत द्यायचा होता, म्हणून गेले होते."

"बेअरिंग?"

"गार. प्रत्येक थांब्याला उतरून हात लावून बघितला म्हणे. तुमचं नाव घेऊन लावला."

काकूंनी मान हलवली. जसं काही हे होणारच होतं.

"पाटे?"

"ठणठणीत. दोन बोल्ट ढिले झाले होते, तिथल्या तिथे आवळले. जीप एकीकडे कलली आणि ट्रॉली दुसरीकडे, असंही एका ठिकाणी झालं. पण हुक त्यानं फिरणारा बसवला होता ना, तो वळला. साधा गोळ्याचा असता तर अडकला असता, असं म्हणत होता."

"मग बिघडलं काय?"

"डावा सिग्नल दिला की दोन्ही दिवे लुकलुकायचे."

"पांढरी वायर," काकू तात्काळ म्हणाल्या. "हिरवी उजवीकडची, पिवळी डावीकडची, तपकिरी मागच्या दिव्यांची आणि पांढरी अर्थिंगची. रंगावर बोल्ट आवळला असणार. रंग खरवडून लोखंडाला लोखंड भिडवलं पाहिजे. आणखी?"

"वरच्या कप्प्याचं दार उघडलं. कच्चे पोहे सगळ्या गादीवर. शनिवारी रात्रभर टोचत होते म्हणे."

"बघ," काकू म्हणाल्या. "खालचं नीट केलं ते टिकलं. वरच्या कप्प्याला खटका लावायला विसरला, तर पोहे सांडले. पोहे झाडता येतात. मधल्या घाटात चाक निखळलं असतं तर काय झाडलं असतं?" एवढं बोलून त्यांनी कुंपणावर अशी थाप मारली की वरचा दांडा हलला. काकांनी पुस्तकातून डोकं वर काढलं.

"पण काकू, मुख्य गोष्ट राहिलीच," मी आवाज खाली आणला. "आत निजलं कोण?"

"कोण म्हणजे? ती दोघं. पोरीसाठी बाजूला छोटा तंबू नेला होता ना?"

"नेला होता. पण पोरीनं अस्वलाचं ऐकलं होतं ना तुमच्याकडून. अंधार पडल्यावर तंबूत जायला साफ नकार. मग आई आणि मुलगी आत, ४६ इंचांत ऐसपैस."

"आणि तो?"

"मुलीच्या तंबूत. पाय बाहेर. दहा हजार फुटांवर, सप्टेंबरच्या थंडीत."

काकूंनी तोंडाला पदर लावला. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. उन्हाळाभर खपून बांधणारा बाहेर, आणि काट्यासाठी भांडणारी आत, पंख्याखाली.

"आता काय ठरवलंय त्यानं?"

"छपरावर बसणारा घडीचा तंबू घेणार म्हणे. शिडी लावून वर निजायचं. आजच बघत होता किमती."

काकूंचं हसू एकदम थांबलं. त्यांनी समोरच्या गॅरेजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुमडला तरी फूटभर जाडीचा असतो तो," त्या म्हणाल्या. "टायरची कितीही हवा सोडली तरी आत जायचा नाही. जा, सांग त्याला, पैसे भरायच्या आधी दार मोज म्हणावं."